बेटेगावला जाणारा वाटा

नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात, मायलेज विचारतात, फार तर बंपरला लिंबू-मिरची बांधायला सांगतात. जगन्नाथ तांडेल विचारायचे, “शेजारी कोण बसणार?” प्रश्न साधा, पण असा काही चेहरा करून विचारायचे की समोरचा माणूस गडबडून जायचा. मी स्कूटर घेतली तेव्हा मलाही त्यांनी सोडलं नाही. “बाई, मागे कोण बसणार?” मी म्हटलं, “कोणी नाही. घर ते शाळा, शाळा ते घर. फार तर वह्यांचा गठ्ठा.” “मग ठीक,” ते म्हणाले. “वह्यांना इजा होत नाय.”

बोईसरला नवापूर रोडच्या आतल्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. त्यांच्या दारावर पाटी होती, ‘जगन्नाथ तांडेल, विमा सल्लागार’. माझ्या दारावर पाटी नव्हती. मी शाळेत शिकवते आणि एकटी राहते. का, ते सांगायचं इथे कारण नाही. तांडेलांनीही ते कधी विचारलं नाही, आणि मला ते आवडायला लागले त्याचं हे एक कारण असावं.

बोईसरात विम्याचे एजंट काही कमी नाहीत. कारखाने आले, मग माणसं आली, मग गाड्या आल्या, आणि गाड्यांच्या मागोमाग हे. बाकीचे एजंट तुम्हाला काय काय मिळेल ते सांगत. तांडेल काय काय मिळणार नाही ते आधी सांगत. गिऱ्हाईक समोर बसलं की पॉलिसी उलटी धरायचे आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायचे. दारू पिऊन चालवली तर नाही. लायसन संपलेलं असेल तर नाही. घरच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली तर नाही. गिऱ्हाईक बिचारं घड्याळाकडे बघत असायचं. मी एकदा त्यांना म्हटलं, “तांडेलभाऊ, तुम्ही पॉलिसी विकता की माणसाला तिच्यापासून सावध करता?” त्यांना ते थट्टेत घेताच आलं नाही. थोडा विचार करून म्हणाले, “दोन्ही.”

गिऱ्हाइकाला शेवटी एक उपदेश ठरलेला असे. “अपघात झाला तर आधी माणसाला उचला. मग तोंड बंद ठेवा. ‘चूक माझी’ असं मरेपर्यंत बोलू नका. चूक कुणाची ते कंपनीला ठरवू द्या.”

ते मूळचे समुद्रकाठच्या दांडी गावचे. वडील नाखवा, थोरला भाऊ नाखवा, घराला बोट, बायका मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या. आणि यांना बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटात ढवळायला लागायचं आणि मग परत येईपर्यंत कडेला वाकून पडलेले असायचे. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हटल्यावर गावात काय हसं झालं असेल ते झालंच. वडिलांनी शेवटी एक दिवस सांगितलं, “जगन, तू जमिनीवरच रव.” म्हणून ते बोईसरला आले. लग्न झालं, आणि थोड्याच वर्षांत बायको काविळीने गेली. मूल नव्हतं. दुसरं लग्न का नाही केलं असं मी विचारलं नाही, कारण त्यांनीही मला असलं काही विचारलं नव्हतं. एकटं राहणाऱ्या दोन माणसांमध्ये अशी समजूत आपोआप होते.

त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून कधी गेली नाही. मासवणचा एक जीपवाला त्यांचं गिऱ्हाईक होता. जीप घरच्या वापराची म्हणून विमा उतरवलेला, आणि हा मनोरच्या बाजारात भाडं घेऊन माणसं न्यायचा. जीप पुलाच्या कठड्याला धडकली आणि माणसं जायबंदी झाली. जीपवाला यांच्या पाया पडला. “कंपनीला सांगा, सगळे माझे पाव्हणे होते.” कंपनीने यांना विचारलं तेव्हा यांनी खरं ते सांगितलं. दावा नामंजूर झाला. जीप गेली, आणि तो माणूस बायको-पोरं घेऊन वीटभट्टीवर कामाला गेला. तांडेल पुढे मासवणवरून जाताना नेहमी बाहेर न बघता सरळ पुढे बघायचे. मी एकदा बरोबर होते म्हणून मला ते कळलं.

अशा माणसाला रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवायचं वेड लागावं हे मला अजूनही नीट पटलेलं नाही. पन्नाशी उलटल्यावर लागलं. हायवेपलीकडे एका बिल्डरने टाउनशिप काढली होती. इमारती झाल्याच नाहीत, रस्ते तेवढे झाले. पुढे कुणीतरी त्या रस्त्यांच्या वळणांवर टायरच्या भिंती रचल्या, फाटक लावलं, आणि पैसे भरून दिवसभर आपली स्वतःची गाडी तिथे पळवायची सोय केली. शर्यत नाही, बक्षीस नाही, फक्त पळवायची. एक तरुण कारखानदार यांचं गिऱ्हाईक होता, तो यांना बघायला घेऊन गेला. पुढच्या वेळी हे आपली लाल गाडी घेऊन एकटेच गेले.

मग आमच्या इमारतीत हेल्मेट दिसायला लागलं. ट्रॅकवरून आले की घामाने ओलं झालेलं हेल्मेट ते गॅलरीत दोरीवर वाळत घालत. एका बाजूला बनियन, दुसऱ्या बाजूला भावाकडून आलेले सुके बोंबील, मध्ये हेल्मेट. मी म्हटलं, “तांडेलभाऊ, या वयात हे काय? आणि पॉलिसीचं काय? तिथे काही झालं तर कंपनी देते?”

“नाय देत,” ते शांतपणे म्हणाले. मग हातातली किल्ली टेबलावर ठेवून त्यांनी मला समजावून सांगितलं. आपल्या साध्या गाडीच्या पॉलिसीतच लिहिलेलं असतं की शर्यत, वेगाची चाचणी असल्या कामाला गाडी लावली तर कंपनीचा संबंध संपला. नुसती हौस म्हणून गेलात तरी कंपनी हेच कलम पुढे करणार. गाडीचं काही झालं, आपलं झालं, आपल्यामुळे दुसऱ्याचं झालं, सगळं आपल्या अंगावर. ट्रॅकवाल्यांचा कागद वेगळाच. त्यावर सही केली म्हणजे तेही मोकळे. “फाटकापाशी पॉलिसी खाली उतरते, बाई. आत आपण एकटे जातो.”

“हे सगळं माहीत असून जाता?”

“एकटाच असतो ना. माझं मोडलं तर माझंच मोडलं.” मग किल्ली उचलत म्हणाले, “आणि तिथे समोरून कोणी येत नाय. सगळे एकाच बाजूला जातात. बरं वाटतं.”

कोणाला शेजारी बसवायचं नाही हा त्यांचा नियम होता. त्या कारखानदाराने किती वेळा म्हटलं तरी त्याला बसवलं नाही, मलाही यांनी कधी ‘चला’ म्हटलं नाही. नियम मोडला तो एकाच माणसासाठी.

वसंत संखे बेटेगावचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, ज्याच्या त्याच्या खांद्यावर हात टाकणारा. पहिली पाळी सुटली की तो आणि तांडेल नाक्यावरच्या टपरीवर चहाला बसत. हवेला नेहमीचा आंबूस वास, रस्त्यावरून टँकर चाललेले, आणि हे दोघं एक कटिंग घेऊन तासभर. बोलायचा संखेच. तांडेल ऐकायचे आणि मधूनच हसायचे. त्यांना असं हसताना मी दुसऱ्या कोणाजवळ पाहिलं नाही. ‘जगन्या’ म्हणणारा बोईसरात तो एकच होता. आम्ही सगळे तांडेलभाऊ नाहीतर तांडेलसाहेब म्हणायचो.

संखे कधीपासून मागे लागला होता, मला एकदा शेजारी बसव. हे नाही म्हणायचे. मग संखेच्या निवृत्तीला थोडंच राहिलं, आणि त्याने शेवटचं सांगितलं, “आयुष्यभर बॉयलरपुढे उभा राहिलो, एक काटा बघत. एकदा तरी मला पळव.” तेव्हा हे विरघळले.

फाटकावरचा प्रसंग मला संखेनेच नंतर हॉस्पिटलात, पडल्यापडल्या हसत सांगितला. सहीचा कागद इंग्रजीत होता. तांडेलांनी तो हातात घेतला आणि उभ्या उभ्या एकेक ओळ मराठीत करून संखेला वाचून दाखवायला लागले. इजा झाली तर आयोजक जबाबदार नाहीत. जीव गेला तरी जबाबदार नाहीत. वारस काही मागणार नाहीत. आणि माझी पॉलिसीही इथे चालत नाय, आणि तुझी अपघाताची पॉलिसी मीच दिली, तीही असल्या ठिकाणी चालत नाय. मागे गाड्यांची रांग, पोरं हॉर्न वाजवताहेत, आणि यांचं वाचन चालूच. संखे म्हणाला, “तू हायस ना? मंग कंपनी कशाला पायजे?” आणि सही ठोकली.

एक फेरी झाली, दुसरी झाली. संखे लहान पोरासारखा ओरडत होता. गाडी घरगुती, रोज बाजारहाटाची. अशा गाडीचे ब्रेक ट्रॅकवर तापतात, म्हणून थोड्या फेऱ्या झाल्या की थांबून ते निवू द्यायचे असतात. तांडेलांना हे पाठ होतं. ते गाडी कडेला घ्यायला निघाले तेव्हा संखे म्हणाला, “आणखी एक. शेवटची.” आणि तांडेलांनी घेतली. टोकाच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली गेलं. गाडी फिरली आणि डाव्या अंगाने टायरच्या भिंतीवर गेली. डाव्या अंगाला संखे होता. कंबर आणि डावी मांडी मोडली. तांडेलांना खरचटलंही नाही.

याबद्दल ते पुढे माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, “मलाबी थोडं लागायला पायजे होतं.”

संखे हॉस्पिटलात, शुद्धीवर, वेदना कमी असल्या की बोलायचा. मी डबा घेऊन जायची. पण ही गोष्ट अपघाताच्याच संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस येणार होता. वाकडी झालेली गाडी अजून टोइंगवाल्याच्या गाडीवरच होती. टोइंगवाला बाहेर विडी ओढत उभा होता आणि तांडेलांना समजावत होता, “साहब, टेन्शन मत लो. हाईवे पे उतार देता हूँ. बोलने का, सामने गाय आ गयी. सब ऐसेच करते हैं.”

तो बोलला ते संखेवहिनींनी ऐकलं असणार. पदर खोचलेली, रडून डोळे सुजलेली, पण त्या क्षणी अगदी सावध झालेली बाई. त्यांनी तांडेलांना गाठलं.

“भावजी, एक मागते. नाय म्हणू नका.”

“बोला वहिनी.”

“हायवेवर झालं म्हणून सांगा. गाडी तुमची, कागद तुमचे. तुमचा शब्द कंपनी खाली पडू देणार नाय. आमची पॉलिसीबी चालेल नि तुमचीबी.”

तांडेल म्हणाले, “वसंताचं सगळं मी करीन, वहिनी. माझं घर इकीन. पण हे सांगायला लावू नका.”

“तुमी घर इकाल नि आमी ते घ्यायचं?” वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “कंपनीचं घेतलं तर तो आमचा हक्क हाय. तुमचं घेतलं तर उपकार. जलमभर तुमच्यासमोर मान खाली घालायची आमी?”

खोलीचं दार उघडंच होतं. आतून संखेने हाक मारली, “जगन्या, इकडे ये.” आम्ही तिघंही आत गेलो. संखे छताकडे बघत होता. म्हणाला, “एक शब्द फिरवायचा हाय. तुला कंपनी जवळची, का मी?”

तांडेल पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाचा लोखंडी दांडा धरला होता. “मासवणच्या जीपवाल्याला मी नाय म्हटलेलं, वसंता,” ते म्हणाले. “त्याची पोरं भट्टीवर गेली. आता माझ्यावर आली, तर मी कसा फिरवू?”

संखेने मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर तो तांडेलांशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तो यांना ओळखत होता. तांडेलांनी त्याला सांगितलं, “ट्रॅकवर झालं. ब्रेक तापले होते, थांबायला पायजे होतं, मी थांबलो नाय. चूक माझी.” त्या माणसाने पेन खाली ठेवलं. “तांडेल, अहो, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. ट्रॅकचं सांगा, पण निदान शेवटचं तरी बोलू नका.” यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने.

माझं मत विचाराल तर मला त्यांचा भयंकर राग आला. मी त्यांच्या जागी असते तर हायवे सांगितला असता, गाय सांगितली असती, गाईचा रंगही सांगितला असता. मित्र पलंगावर पडलेला असताना असलं खरेपण घेऊन कोणी काय करायचं? मी हे त्यांना जिन्यातच ऐकवलं. ते म्हणाले, “तुमचंबी बरोबर हाय, बाई.” आणि दार लावून घेतलं. त्या ‘तुमचंबी’मुळे माझी अर्धी चीड गेली आणि उरलेली आजही आहे.

घर त्यांनी खरंच विकलं. संखेच्या शस्त्रक्रिया मुंबईला झाल्या, मग पुन्हा चालायला शिकवणारे लोक घरी यायचे, ते सगळं त्यातून झालं. वहिनींनी ते घेतलं, कारण दुसरा मार्ग नव्हता, आणि घेतलं म्हणूनच त्यांना माफ करता आलं नाही. हे मी त्यांना दोष म्हणून लिहीत नाही. तांडेल सामान घेऊन दांडीला भावाच्या घरी गेले. विम्याचं काम हळूहळू सुटलंच. ज्याच्या स्वतःच्या अपघाताला दमडी मिळाली नाही त्याच्याकडून पॉलिसी कशाला घ्यायची, असं लोक म्हणत. समोरच्या दारावर दुसरी पाटी लागली. गॅलरीत उभी राहिले आणि दोरीवर हेल्मेट दिसलं नाही की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दांडीला गेल्यावर त्यांनी जे केलं ते मात्र दांडीच्याच माणसाला सुचेल. बोट किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग प्रत्येक खलाशाचा. बोटीवर असताना एखाद्या खलाशाला लागलं, तर तो पुन्हा उभा राहीपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी जातो. निदान तांडेलांच्या बोटीची रीत वडिलांपासून अशीच होती. कुठे सही नाही, कलम नाही. माणूस बोटीवर होता, एवढं पुरतं. चूक कोणाची हेही कोणी विचारत नाही. बोटीत तांडेलांचा वडिलार्जित वाटा होता, आणि त्यांनी भावाला सांगितलं, माझ्या वाट्यातून वसंताचा वाटा काढायचा.

तेव्हापासून ते मासळी घेऊन बेटेगावला जायला लागले. दांडीहून बोईसर, बोईसरला उतरून दुसरी शेअर रिक्षा. पिशवीत कागद, कागदात बर्फ, बर्फात कधी पापलेट, पण बहुतेक वेळा बोंबील नाहीतर मांदेली. पावसात बोटी वर ओढलेल्या असल्या की सुके बोंबील. पहिल्या दिवशी वहिनी दार लावून घ्यायला निघाल्या होत्या. तांडेल म्हणाले, “उपकार नाय हा, वहिनी. वाटा हाय.” आणि रीत सांगितली. वहिनींनी पिशवी घेतली. आत या म्हणाल्या नाहीत.

पुढेही तसंच. दार अर्धं उघडायचं, पिशवी आत जायची, रिकामी पिशवी बाहेर यायची. तांडेल विचारायचे, “कसा हाय?” वहिनी एक वाक्य बोलायच्या. तेवढं वाक्य घेऊन तांडेल परत फिरायचे आणि जाताना माझ्याकडे चहाला थांबायचे. “आज उठून बसला, बाई.” “काठीवर अंगणापर्यंत आला.” “पायरी उतरला, वहिनींचा हात नाय धरला.” मी नकळत त्या वाक्याची वाट बघायला लागले होते. शाळेतून येताना ते जिन्यात बसलेले दिसले की मी भरभर चढायची.

एकदा मी चिडवलं, “तुमची बोट तरी कुठली हो? ती टायरांवर आपटलेली?”

“तीच,” ते म्हणाले.

“आणि हे किती दिवस चालायचं?”

“तो उभा राहीपर्यंत.” कपातल्या चहाकडे बघत ते म्हणाले, “मला दुसरं काय नको. एकदा आतून म्हटलं पायजे, ये. बस.” ते ‘ये, बस’ म्हणाले की ‘एवढंच, बस’ म्हणाले ते मला कळलं नाही, पण दोन्हींत मागणं तेवढंच होतं. मला त्या वेळी त्यांची फार दया आली आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच बिस्किटं आणायला उठले.

मग एक दिवस ते आले तेव्हा चपला न काढता दारातच उभे राहिले. “आत बोलावलं, बाई.”

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. “सांगा. सगळं सांगा.”

त्यांनी सगळं सांगितलं. वहिनींनी दार पूर्ण उघडलं. खुर्ची पुसून दिली. पाणी दिलं, मग चहा, कपबशीतून, बरोबर डिशमध्ये चिवडा. घरात दुसरं कोणी नव्हतं. चहा संपेपर्यंत वहिनी समोर उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, “भावजी, हे कामाला लागले. कारखान्यात स्टोअरमध्ये बसायचं काम दिलंय. आता चालतात. तुमच्या रीतीनं वाटा सुटला ना?” तांडेल म्हणाले, सुटला. “मंग आता त्रास घेऊ नका,” वहिनी म्हणाल्या. “एवढं केलंत, आमी इसरणार नाय.” आणि धुतलेली पिशवी घडी करून त्यांच्या हातात दिली.

“वसंता घरी नव्हता,” तांडेल म्हणाले. “आज मी येणार ते त्याला ठाऊक असणार. पण पाळी असेल.”

मी उठून पंखा लावला.

“बरंच झालं ना?” ते म्हणाले. “माणूस उभा राहिला. माझ्याकडून कोणाचं काय राहिलं नाय. कंपनीच्या भाषेत सांगायचं तर जबाबदारी संपली.” त्यांनी पाणी मागितलं, ते सगळं प्यायले, आणि घडी केलेली पिशवी काखेत घेऊन गेले. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. धडधाकट, कोणाचं काही देणं लागत नसणाऱ्या माणसासाठी रडायचं कारण काय, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ज्याचं देणं फिटलं त्याला त्या दारात उभं राहायला आता काहीही निमित्त नव्हतं, एवढंच मला दिसत होतं.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. फोन केला की नीट बोलायचे, बोट कधी आली, वारा कसा आहे ते सांगायचे. बेटेगावचं नाव मीही काढत नव्हते.

मग काही आठवड्यांनी मी बेटेगावला गेले होते. वर्गातली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली होती, तिच्या आईला भेटायला. संध्याकाळी रिक्षाची वाट बघत नाक्यावर उभी होते. कारखान्याची बस आली, थांबली, आणि त्यातून संखे उतरला. बारीक झाला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. डावा पाय जरासा ओढत तो गल्लीकडे निघाला. आणि रस्त्याच्या या बाजूला, बंद दुकानाच्या पायरीपाशी, मला तांडेल दिसले.

हातात ती पिशवी होती. ते संखेकडे बघत होते, आणि पावलं मोजावीत तसे त्यांचे ओठ हलत होते. गल्लीच्या तोंडाशी संखे अडखळला आणि त्याने भिंतीला हात लावला. तांडेल चटकन पायरीवरून रस्त्यावर उतरले आणि तिथेच थांबले. संखेने मान वळवली. त्याला ते दिसले. मला खात्री आहे की दिसले, कारण तो नेहमीपेक्षा ताठ झाला, भिंतीवरचा हात काढून घेतला, आणि कोणाच्याही आधाराशिवाय गल्लीत गेला. एक टँकर मधून गेला. तो गेल्यावर गल्ली रिकामी होती.

तांडेल वळले तेव्हा त्यांना मी दिसले. त्यांना अजिबात लाज वाटली नाही. चेहरा उजळला होता. “बघितलंत? हात सोडून गेला.”

“बघितलं,” मी म्हणाले. “पण तांडेलभाऊ, वाटा तर सुटला. मग ही पिशवी?”

“ही माझी हाय. आज मासळी चांगली मिळाली. हातात होती, तशीच घेऊन आलो.” दांडीहून बेटेगावला हातात पिशवी घेऊन कोणी तसंच येत नाही. बोईसरला उतरून दुसरी रिक्षा धरावी लागते. मी ते बोलले नाही. त्यांनीच पिशवी माझ्यापुढे केली. “तुमी घेऊन जा, बाई. एकट्याला लय होते.” मीही एकटीच आहे हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात नव्हतं, किंवा असेलही. मी पिशवी घेतली. माझी रिक्षा आली, त्यांना म्हटलं चला, तर म्हणाले, “तुमी व्हा पुढे. मी जरा थांबतो.” रिक्षा वळेपर्यंत ते गल्लीकडे तोंड करून उभे होते.

घरी येऊन मी पिशवी ओट्यावर उघडली. बोंबील दोन वेगळ्या कागदांत बांधलेले होते, एक पुडकं लहान, एकट्याला पुरेल एवढं, आणि एक मोठं. लहान मी रात्री रांधलं. मोठ्याला हात लावायचा मला धीर झाला नाही.